मापाला उभं कोण राहिलं

"मॅडम, तुमच्या घरी भाकरी कोण थापतं?"

तोंड माझं होतं आणि माइकही माझ्याच हातात होता, पण प्रश्न संघप्रियाचा होता. आमच्या तामलवाडीच्या शाळेत सोलापूरच्या एक मॅडम आल्या होत्या. लोकांची घरं आतून लावून देणं हे त्यांचं काम. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलींना दोन वर्गांच्या मधलं लाकडी पार्टिशन सरकवून बसवलं होतं. मॅडम पडद्यावर एकेक फोटो दाखवत होत्या आणि सांगत होत्या की घर नुसतं देखणं असून भागत नाही, ते आत राहणाऱ्यांच्या अंगाला बसायला पाहिजे. एका फोटोत स्वयंपाकघर होतं, त्यात एकही डबा दिसत नव्हता.

संघप्रिया माझ्या कानात म्हणाली, "ह्या बाईनं जन्मात भाकरी केली नसंल. विचार की, घरी भाकरी कोण थापतं."

पलीकडून निकिता म्हणाली, "ही न्हाई विचारत. लटपटती ही."

गेल्या वर्षापर्यंत मी लटपटायचेच. हजेरीला 'हजर सर' म्हटलं तरी सर दोनदा विचारायचे, आहे का हर्षाली म्हणून. पण दिवाळीनंतर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आला, आणि तेव्हापासून माइक दिसला की माझे हात शिवशिवतात. उभी राहिले आणि विचारलं.

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, सगळं तिथंच संपलं असतं. त्या म्हणाल्या, "पोळ्यांना एक ताई येतात. भाकरी माझे मिस्टर थापतात. माझी फुगतच नाही."

सगळ्या मुली खिदळल्या. मीही हसले आणि खाली बसणार एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आता तू सांग. तुझ्या घरी कोण थापतं?"

"मम्मी."

"म्हणजे ओटा तिच्या मापाचा केला असेल."

'हो मॅडम' म्हणून बसता आलं असतं. पण माइक अजून माझ्याच हातात होता आणि अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता.

"न्हाई मॅडम," मी म्हणाले, "ओटा लई उंच हाय आणि आमची मम्मी लई बुटकी. ती पाटावर चढून भाकरी करते."

हशा झाला, तसा मला चेव आला. मी माइक निकिताच्या हातात दिला आणि करूनच दाखवलं. मम्मी आधी पाट पायानं ओढते, मग साडीचा घोळ धरून वर चढते, मग कशी एकदम मोठ्या बाईसारखी ऐटीत थापायला लागते. आणि दारात कुणी आलं की कशी टुणकन खाली उतरते, पाट पायानंच सिलिंडरमागं सारते आणि पदर सावरत म्हणते, 'या की, बसा.' 'या की, बसा' मी अगदी मम्मीच्या आवाजात म्हटलं. मागच्या बाकावरच्या दहावीच्या मुलींनी बाक बडवले. सांस्कृतिकचे सर दाराशी उभं राहून मोबाइलवर शूटिंग करत होते, हसताना त्यांचा हात हलत होता.

मॅडम फार हसल्या नाहीत. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कंबर दुखते का गं तिची?"

मला माहीत नव्हतं. म्हणाले, "विचारून सांगते मॅडम." त्यालाही मुली हसल्या.

सुटी व्हायच्या आत सरांनी तो व्हिडिओ शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आपल्या शाळेची हजरजबाबी विद्यार्थिनी'. निकिताच्या दादाच्या मोबाइलवर आम्ही तो बसस्टँडवर तीन-चार वेळा बघितला. मॅडमचा कमरेचा प्रश्न त्यात नव्हता, टाळ्यांवरच संपवला होता. मी उड्या मारतच घरी गेले.

आमचं घर हायवेच्या अलीकडं, पप्पांच्या दुकानामागं आहे. पप्पा, म्हणजे बलभीम, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तांब्याची तार गुंडाळून भरून देतात. जुनं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा मी पाचवीत होते. हॉलला फरशी, किचनला काळा ग्रॅनाइटचा ओटा. कुणी मैत्रीण आली की मी तिला मुद्दाम किचनमधून न्यायचे आणि ओट्यावरून हात फिरवत म्हणायचे, "बघ, तोंड दिसतं यात." मला आमच्या घराचा लई गर्व होता.

मम्मी ओट्यापाशी भाकरी करत होती. मोबाइल खिडकीत पालथा ठेवलेला.

"मम्मी, व्हिडिओ बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"आवाज चांगला आलाय तुजा," ती म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.

मी वाट बघत होते की ती पाठीत धपाटा घालेल, 'लई शानी झालीस' म्हणेल, मग आम्ही दोघी हसू. ती पीठ मळत राहिली. मग मला दिसलं की ती टाचा उचलून उभी आहे. खांदे कानाला लागलेत, आणि थापताना दर वेळी अख्खं अंग वर उचलून परातीवर टाकावं लागतंय. भाकरी एका बाजूनं जाड झाली होती.

"पाट कुठाय?"

"कसला पाट?"

"अगं, तुझा पाट."

"पाट जेवायला बसायचा असतो," मम्मी म्हणाली. "देवापुढं ठिवलाय."

तेवढ्यात मागच्या दारातून शेजारच्या सिताबाई काकू आल्या, हातात विरजणाची वाटी. त्यांनी आधी ओट्याखाली बघितलं, मग मम्मीकडं.

"काय वं द्वारकाबाई, आज खालीच उभ्या? आमाला वाटलं आता तुमी माळ्यावरच भेटताव."

"या की वर तुमीबी," मम्मी म्हणाली. "दोघी बसू."

काकू पोट धरून हसल्या. मम्मीही हसली. तिनं वाटीत विरजण घातलं, चहा विचारला, काकूंच्या सुनेची चौकशी केली. मी ते हसू बघत होते. मम्मी खरी हसते तेव्हा तिचे डोळे बारीक होतात. आत्ता ते उघडेच होते, नीट उघडे, तव्यावरच्या भाकरीकडं लागलेले. काकू गेल्या तशी तिनं भाकरी उलटली. ती करपली होती. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात ठेवली.

माझे कान गरम झाले. पण खरं सांगायचं तर मी तेव्हा स्वतःला म्हटलं, होईल उद्यापर्यंत नीट. मम्मी कुठं जास्त वेळ धरून बसते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घर बदललेलं होतं. आधी मला कळेना काय बदललं. मग पाणी प्यायला किचनमध्ये गेले आणि लक्षात आलं की भिंतीला टेकवलेली आकडी नाही. आकडी म्हणजे चिंचा ओढायची असते तसली काठी, टोकाला वाकडी. पप्पांच्या दुकानातली तांब्याची तार वळवून मम्मीनं ती केली होती, वरच्या फळीवरचे डबे पुढं ओढायला. वरच्या कपाटाच्या मुठीला जुन्या साडीच्या काठाची एक पट्टी बांधलेली असायची. ती ओढली की दार उघडायचं. ती पट्टीही सोडलेली होती. मागच्या दाराच्या उंबऱ्याला लागून एक घडी घातलेलं पोतं असायचं. दुपारी तिथं वारा येतो, उजेडही येतो, म्हणून मम्मी भाजी तिथं निवडायची आणि निवडता निवडता बाहेरच्या बाईशी बोलायची. पोतं गेलं होतं. भांडी घासायच्या जागेला विटांवर पालथं घमेलं ठेवून केलेली बैठक होती, ती पण गेली होती.

सगळं कसं स्वच्छ आणि मोकळं दिसत होतं. अगदी मॅडमच्या फोटोतल्यासारखं, एकही डबा बाहेर नाही.

"मम्मी, आकडी कुठं गेली?"

"टाकली. घर कसं दिसत हुतं, कबाडखाना."

"मग तू डबे कसे काढणार?"

"तू हायस की. तू पप्पावर गेलीस. हात पोचतो तुजा."

मी डबा काढून दिला. पण मी शाळेत असताना? तिनं शेजारून पीठ मागून आणलं असणार किंवा खुर्ची लावली असणार. विचारलं नाही. मला भीती वाटली, ती सांगेल म्हणून.

त्या रात्री जेवताना मी पहिल्यांदा आमच्या घरात नीट बघितलं. घरातल्या किती वस्तू मम्मीला न विचारता बसवलेल्या होत्या, आणि मम्मीनं एकेकीची खोड कशी मोडली होती. पाट, आकडी, पट्टी, पोतं. कुणाला काही न म्हणता तिनं अख्खं घर हळूहळू आपल्या अंगाला बसवून घेतलं होतं. मी त्या जुगाडांना रोज बघत होते आणि मला ते मम्मीचे चाळे वाटत होते. वर्गात मी जे करून दाखवलं ते मम्मीचं बुटकेपण नव्हतंच. तिनं शोधून काढलेली युक्ती होती ती, आणि मी तिची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या.

शनिवारी बचत गटाच्या बायका आमच्याकडं बसणार होत्या. मम्मीनं फोन लावून सांगितलं, "ह्या बारीला सिताबाईंकडंच बसू. आमच्याकडं रंगाचं काम काढलंय." रंगाचं काहीच काम नव्हतं. फोन ठेवल्यावर तिची माझी नजरानजर झाली, आणि आम्ही दोघींनी दुसरीकडं बघितलं.

या सगळ्यात शाळेत माझं नाव झालं होतं. पाणी प्यायला टाकीपाशी गेले तरी मुली म्हणायच्या, "या की, बसा." संघप्रिया म्हणायची, "बघ, मी सांगितलं म्हणून झालं. माझी कुल्फी राहिली." आणि सांस्कृतिकच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हर्षाली, स्नेहसंमेलनात तुझा एकपात्री घेऊ. पाटाचं."

"सर?"

"तेच गं, मम्मीचं. जरा वाढव. मम्मी पाटावरून पडते असं काहीतरी घाल. गावातले सगळे येतात, धमाल येईल."

स्नेहसंमेलनात स्टेजवर एकटीनं उभं राहायचं. गेल्या वर्षी मला समूहगीताच्याही मागच्या रांगेत घेतलं नव्हतं. मी 'हो सर' म्हणाले. लाज वाटते सांगायला, पण मी 'हो सर' म्हणाले आणि जिन्यावरून उतरताना मनात कुठल्या वाक्याला लोक हसतील ते जुळवत होते.

रविवारी सकाळी मम्मी पाणी भरायला मागं गेली तेव्हा मी देवापुढचा पाट हळूच काढून हॉलमध्ये आणला, दार लोटलं आणि आरशासमोर प्रॅक्टिस सुरू केली. पाट ओढायचा, घोळ धरायचा, चढायचं. "या की, बसा." जमत नव्हतं. वर्गात आपोआप आलं होतं, आता हात कुठं ठेवायचे तेच कळेना. मी तीनदा केलं. चौथ्यांदा पाटावर चढले आणि आरशात स्वतःकडं बघत उभी राहिले. पाट मधे घासून गुळगुळीत झाला होता. दोन पावलांएवढी जागा, बाकी लाकडापेक्षा उजळ. माझी पावलं त्या जागेत मावत नव्हती, बाहेर येत होती.

आत काहीतरी पडलं. डब्याचा आवाज मोठा असतो, घुमतो.

मी धावले. मम्मी फरशीवर बसली होती आणि ज्वारीचं पीठ सगळीकडं, तिच्या केसांवर, साडीवर, ग्रॅनाइटवर. खुर्ची आडवी पडली होती. वरच्या फळीवरून डबा ओढताना तिचा तोल गेला होता.

"लागलं का?"

"न्हाई." ती मनगट धरून बसली होती. "पीठ गेलं की सगळं. कालच दळून आणलं हुतं."

आवाज ऐकून पप्पा दुकानातून आले, हाताला वार्निशचा वास. दारात थबकले. पांढऱ्या झालेल्या मम्मीकडं बघून त्यांना हसू येत होतं, मी बघितलं ते. मग त्यांनी तिचं मनगट बघितलं आणि हसू गेलं.

"खुर्चीवर कशाला चढलीस? ती काठी कुठाय तुजी?"

"टाकली."

"का?"

मम्मीनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. पप्पांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा त्यांना माझ्या हातातला पाट दिसला. धावताना मी तो उचलूनच घेऊन आले होते.

"व्हिडिओमुळं का?" पप्पा म्हणाले. "अगं, चेष्टा हुती ती. पोरीनं गंमत केली. दुकानावर लोकं बी हसली. मी बी हसलो."

"म्हाईत हाय," मम्मी म्हणाली. "तुमी हसल्यालं सिताबाईनं सांगितलं मला."

पप्पांनी खुर्ची सरळ केली. मी पाट खाली ठेवून सुपात पीठ भरायला लागले, वरवरचं, जे फरशीला लागलं नव्हतं ते. मम्मी म्हणाली, "राहू दे, जनावराला घालू." पण मी भरत राहिले, कारण मला तिच्याकडं बघायचं नव्हतं.

"मिस्त्रीनंच उंच केला गं ओटा," पप्पा म्हणाले. "त्याला कळायला नगं?"

"मिस्त्रीचं काय चुकलं न्हाई." मम्मीनं केसातलं पीठ झटकलं. "वैजनाथ मिस्त्रीनं इचारलं हुतं. ओट्याला माप द्यायला माणूस पायजे म्हणला. मालकिणीला बोलवा म्हणला."

"कधी?"

"तवा. आबा खाटंवर बसलं हुतं मदी. आबा म्हणले, मालकीण कशाला, मालक उभा हाय की हितं. आन तुमी उभं राहिलाव. तुमच्या कमरंला खडूनं रेघ मारली भितीवर."

आबा, म्हणजे माझे आजोबा, आता नाहीत. पण बांधकाम चालू असताना ते रोज मधोमध खाट टाकून बसायचे, ते मलाही आठवतं.

"तू कुठं हुतीस?" पप्पांनी विचारलं.

"बाहीर. डबा घिऊन आले हुते गड्यांचा. पत्र्याच्या आडूश्याला."

"मग आत यायचं की. म्हणायचं की माझं माप घ्या."

"आबा बसलेत, मिस्त्री हाय, चार गडी हाईत, आन सून मदी जाऊन उभी ऱ्हातीय का भितीला टेकून, कंबर मापायला?" मम्मी हे मोठ्यानं म्हणाली नाही. भाजीत मीठ किती टाकलं हे सांगावं तशी म्हणाली. "म्या डबा ठिवला आन गेले. मला वाटलं तुमी म्हणशीला."

मागच्या दारातून कोंबडी आत आली आणि सांडलेल्या पिठात चोच मारायला लागली. एरवी मम्मी तिला हाकलते. आज कुणी हाकललं नाही.

पप्पा ओट्यापाशी गेले. मला वाटलं ते सारवासारव करतील. पण ते नुसते तिथं उभे राहिले. ओटा त्यांच्या बरोबर कमरेला लागत होता. त्यांनी हात पुढं केला तर खांदे खाली, कोपर सैल, जसं असायला पाहिजे तसं. ते पटकन बाजूला झाले, चटका बसल्यासारखे. या घरात चार वर्षं काढून ते आज पहिल्यांदा ओट्यापाशी उभे राहिले असावेत. पाणीसुद्धा आम्हीच नेऊन देतो त्यांना.

"बोललीस का न्हाईस एवढ्या दिसात?" ते हळू म्हणाले.

"काय बोलायचं. पाटावर चालत हुतं की माजं. बरं चालत हुतं. कंबर बी दुखत नव्हती." मम्मीनं एकदा माझ्या पायापाशी ठेवलेल्या पाटाकडं बघितलं. "आता चढाया नगं वाटतंय."

मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. दुखत नव्हती. आता दुखते.

मला वाटलं होतं मी रडेन. सिनेमात रडतात तसं जाऊन मिठी मारेन. पण तसं काही होईना. मी सुपात पीठ घेऊन मधेच उभी होते आणि आत कुणीतरी माझी नक्कल करत होतं, माझी, माइक धरलेल्या हर्षालीची, मान वाकडी करून 'या की, बसा' म्हणणारीची. आणि कुणी हसत नव्हतं.

"मम्मी," मी म्हणाले, "सर म्हणालेत पाटाचं संमेलनात करायचं, तू पाटावरून पडतीस असं घालून. मी हो म्हणाले."

पप्पांनी मान वर केली.

मम्मी म्हणाली, "मग कर की. तुला चांगलं जमतंय." आणि वर म्हणाली, "माझी हिरवी साडी घे. ह्या साडीत दिसत न्हाई स्टेजवर."

ती खरंच म्हणत होती. टोमणा नव्हता. संमेलनात पोरगी एकटी स्टेजवर उभी राहणार, याचं तिला कौतुक होतं, आणि त्यासाठी तिला गावासमोर पाटावरून पडलेलं चालणार होतं. त्याच्यापुढं मात्र मला उभं राहवेना. मी सूप ओट्यावर ठेवलं. माझे हात ग्रॅनाइटवर आरामात टेकले. मी खांदे उचलले नाहीत, टाचा उचलल्या नाहीत. पप्पांसारखाच माझ्याही मापाचा होता तो.

"मी संमेलनात ते करणार न्हाई," मी म्हणाले. "सरांना उद्या सांगते. का न्हाई करणार ते पण त्याच ग्रुपवर बोलून टाकते, माझ्याच आवाजात. सिताबाई काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."

"उगं कशाला," मम्मी म्हणाली.

"थांब, झालं न्हाई माझं. पप्पा, वैजनाथ मिस्त्रीला फोन लावा. ग्रॅनाइट फुटला तर फुटू द्या. ह्या बारीला भिंतीला मम्मी उभी राहणार, आन रेघ मारताना घरातलं कुणी मधे बसणार न्हाई."

"लावतो," पप्पा म्हणाले. एवढंच. पण त्यांनी मोबाइल खिशातून काढला.

"आन ओटा नवा होईपर्यंत भाकरी मी आन पप्पा करणार."

पप्पांचा हात मोबाइलवर थांबला. "मला कुटं येती भाकरी?"

"मला पण येत न्हाई. मम्मी मागच्या दाराशी पोतं टाकून बसंल आन सांगंल. जाड होतील, करपतील. खायच्या. पण त्या ओट्यावर आपणच करायच्या पप्पा. तो आपल्या दोघांच्या मापाचा हाय."